फेबियनसरांचं पन्नास इंची चाक

अमृतमहोत्सवाच्या तिसऱ्या बैठकीत फेबियन डाबरेसर गप्प बसले असते, तर त्यांचं उजवं मनगट आज सरळ असतं. पण समोरचा माणूस शाळेच्या वर्कशॉपमधल्या लेथला, म्हणजे लोखंड गोल फिरवून कातायच्या यंत्राला, 'ते जुनं धूड' म्हणाला. ज्या लेथवर चौतीस वर्षं मुलांना शिकवलं, त्याला कोणी असं म्हटल्यावरही माणसाने बिस्किटं खात बसून राहावं, अशी अपेक्षा करणं बरोबर नाही. सर उभे राहिले. तिथून सगळं बिघडलं.

समोरचा माणूस म्हणजे व्हिव्हियन. वसईतल्या पापडीपासून विरारपर्यंत निम्म्या नव्या इमारतींवर त्याच्या कंपनीचा बोर्ड आहे आणि शाळेच्या पंच्याहत्तरीच्या समितीचा तो अध्यक्ष. पंचवीस वर्षांपूर्वी तो सरांचाच विद्यार्थी होता. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत त्याने लोखंडाचा चौकोनी ठोकळा कानशीने घासून आणला होता. तो कुठल्याच बाजूने चौकोनी नव्हता. सरांना दया आली आणि त्यांनी पास केलं. आता त्या दयेची फळं बिस्किटांसोबत समोर मांडलेली होती.

"सर, तुमच्यामुळेच मी आज इथे आहे," व्हिव्हियन हात जोडून म्हणाला.

निवृत्तीनंतरच्या तीन वर्षांत सरांना या वाक्याची धास्ती बसली होती. बँकेत, दवाखान्यात, महापालिकेत, कुठेही जावं तर टेबलापलीकडे जुना विद्यार्थी असे. तो उठून उभा राही, हे वाक्य म्हणे, चहा मागवे आणि मग काम होणार नाही असं सांगे.

"पण सर, रिॲलिटी बघा. वर्कशॉपची जागा नुसती अडकून पडलीय. तिथे आपण इनोव्हेशन लॅब करतोय. रंगीत टेबलं, बीन बॅग, भिंतीवर स्क्रीन. त्या लेथवर आजच्या काळात बनतं काय?"

"काहीही बनतं."

"म्हणजे उदाहरणार्थ?"

सरांना पटकन उदाहरण सुचेना. चौतीस वर्षांत त्यांनी लेथवर जे जे बनवलं होतं, ते सगळं एकदम डोक्यात आलं आणि दारातच अडकलं. भिंतीवर महोत्सवाचा फ्लेक्स लावला होता. छापणाऱ्याने 'ते सोनेरी दिवस' या शब्दांखाली इंटरनेटवरून उचललेलं एक चित्र टाकलं होतं. उंच टोपी घातलेला गोरा साहेब, त्याच्याखाली माणसाच्या छातीला लागेल एवढं प्रचंड पुढचं चाक, आणि मागे, चुकून आल्यासारखं, एक बारकं चाक. शाळेच्या पंच्याहत्तर वर्षांत असा साहेब आणि अशी सायकल पापडीत कोणी पाहिली नव्हती. सरांचं बोट तिकडे गेलं.

"ही."

सगळे हसले. व्हिव्हियनने टेबलावर थाप मारली. "डन सर! तुम्ही ही बनवा. महोत्सवाच्या रॅलीत सगळ्यांच्या पुढे तुम्ही. चालली, तर लेथ राहील. माझा शब्द!"

मुख्याध्यापिका फेलिशिया टीचर यांनी तो शब्द बैठकीच्या वहीत लिहून घेतला. त्यांना वाटलं, विनोद आहे. पण सर विनोद करणाऱ्यांपैकी नव्हते, ही त्यांची आयुष्यभराची अडचण होती.

घरी आल्यावर सरांनी प्रिस्काला, म्हणजे बायकोला, सगळं सांगितलं आणि कागदावर सायकलचं चित्र काढून दाखवलं. प्रिस्का कोळंबी सोलत होती. तिने चित्राकडे एकदा बघितलं.

"आणि यावरून उतरायचं कसं?"

"ते नंतर बघू. आधी बनू तर दे."

या सगळ्या प्रकरणात विचारण्यासारखा प्रश्न तेवढा एकच होता. पुढचे चार महिने पापडीतल्या यच्चयावत माणसांनी सरांना हजार प्रश्न विचारले, पण हा प्रश्न पुन्हा कोणी विचारला नाही. खुद्द सरांनीही नाही.

या सायकलीला साखळी नसते. पायडल थेट पुढच्या चाकालाच. पाय एकदा फिरला की चाक एकदा फिरणार, त्यामुळे वेग हवा तर चाक मोठं हवं. आणि चाक किती मोठं घ्यायचं, ते शेवटी बसणाऱ्याची तंगडी किती लांब यावर ठरतं. शर्टासारखी मापाने शिवून घ्यायची सायकल. एकाच्या मापाची दुसऱ्याला होत नाही. म्हणून सर ओट्यावर ताठ उभे राहिले आणि प्रिस्काने शिवणकामाची टेप घेऊन त्यांचे पाय मापले. तेवढ्यात कुंपणाच्या भिंतीवरून शेजारच्या प्लासिडचं डोकं वर आलं. प्लासिड टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले आणि तेव्हापासून इतरांच्या कामात पूर्णवेळ रुजू झालेले.

"माप कसलं घेताय?" त्यांनी आवाज खाली आणून विचारलं. "डॉक्टर काही बोलले काय?"

"सायकलीसाठी घेतोय."

"असं असं. मला वाटलं..." त्यांना काय वाटलं ते सगळ्यांना कळलं. प्रिस्काने क्रूसाची खूण केली. खरी गोष्ट समजल्यावर प्लासिडनी पहिला सल्ला तिथेच दिला. "सर, तुम्ही असं करा, छोटं चाक पुढे लावा आणि मोठं मागे. धोकाच नाही."

माप आलं पन्नास इंची चाकाचं. रिमसाठी लोखंडी पट्टी वाकवायला सर वालीवला क्लिफर्डच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये गेले. क्लिफर्डही सरांचाच विद्यार्थी, पण हा खरा. त्याच्या हाताला बुद्धी होती. "सर, तुमच्यामुळे..." असं त्यानेही सुरू केलं तेव्हा सरांनी हात वर करून त्याला थांबवलं आणि पट्टी पुढे केली. पहिली रिम अंड्यासारखी निघाली. दुसरी त्यापेक्षा सुबक अंड्यासारखी. तिसरी रिम त्यांनी जमिनीवर खडूने वर्तुळ काढून त्याच्यावर ठेवून ठेवून ठोकली, तेव्हा कुठे ती गोल झाली. नळी वाकवून पाठीचा कणा झाला. मुलगा जेन्सन आता कॅनडात असतो. त्याची लहानपणची तीनचाकी माळ्यावर होती, तिचं चाक काढून मागे लावलं. टायरसाठी भरीव रबर कुठे मिळेना, म्हणून जाड रबरी पाइप आणून त्यात तार ओवली आणि ती ताणून पिळली. साठ तारांना सरांनी हाताने आटे पाडले.

आणि चाकाचा तुंबा, म्हणजे सगळ्या तारा जिथे येऊन मिळतात तो मधला भाग, त्यांनी लेथवर काढला. वर्कशॉपची किल्ली त्यांच्याकडेच होती, कारण निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि घड्याळ देण्याच्या गडबडीत ती परत मागायचं कोणाला सुचलं नव्हतं. ते आठ दिवस सर सुखात होते. हत्यार टेकवलं की लोखंडाची कुरळी साल निघे, तेलाचा वास सुटे आणि बाहेर फेलिशिया टीचर येऊन म्हणत, "सर, सहावीची युनिट टेस्ट चाललीय." सर मान हलवत आणि वेग थोडा कमी करत. मागचं चाक सोडलं तर सायकलीतली प्रत्येक गोष्ट त्यांनी व्हर्निअरची बारीक मोजपट्टी लावून तपासली होती.

सायकल उभी राहिली तेव्हा क्लिफर्ड दोन पावलं मागे सरकला. "सर," तो म्हणाला, "ही तर जनावरासारखी बघते."

आता बसायचं. या सायकलीवर बसत नाहीत, तिच्यावर चढतात. मागून मूठ धरून तिच्याबरोबर धावायचं, कण्यावर मागे एक बोटभर पायरी असते तिच्यावर डावा पाय टाकायचा आणि चालत्या गाडीत पुढे उडी मारून खोगिरावर जायचं. सर एकसष्ट वर्षांचे होते. भुईगावच्या किनाऱ्यावर ओहोटीला ओली वाळू टणक असते आणि पडलं तर फार लागत नाही, म्हणून ते सकाळी तिथे जात. पहिल्या आठवड्यात ते फक्त पडले. दुसऱ्या आठवड्यात ते चढून पडले. वळताना ते थोरलं चाक मांडीला घासे आणि पँट फाटे. एका महिन्यात प्रिस्काने सरांच्या तीन पँटींना आतून ठिगळं लावली आणि चौथीला थेट रेक्झिन लावून दिलं.

खरा वैरी म्हणजे ब्रेक. मूठ पिळली की लोखंडाचा एक चमचा पुढच्या टायरवर दाबला जातो. हळू दाबला तर काहीच होत नाही. जोरात दाबला तर पुढचं चाक जागच्या जागी थांबतं आणि बाकीचं सगळं, म्हणजे मागचं चाक, खोगीर आणि तुम्ही, त्याच्यावरून गोल फिरून पुढे जमिनीवर येता. तेही डोक्यावर, कारण पाय मुठींच्या दांड्याखाली अडकलेले असतात. सरांनी हे फळ्यावर आकृती काढून समजून घेतलं होतं आणि मनाशी नियम केला होता : ब्रेकला हात लावायचा नाही.

मग थांबायचं कसं? इथे प्रिस्काचा प्रश्न आला. उतरायला चालत्या गाडीवर एक पाय मागे नेऊन ती बोटभर पायरी आंधळ्यासारखी चाचपावी लागते, आणि पायरी सापडेपर्यंत समोरच्या रस्त्याकडे बघायला कोणी नसतं. ते सरांना शेवटपर्यंत जमलं नाही. ते विजेच्या खांबाला मिठी मारून थांबत. एकदा नारळाच्या झाडाला मारली, तेव्हा छातीवर मुंग्या चढल्या. एकदा खांब हुकला आणि ते वाडीतल्या बावखलात, म्हणजे शिंपणाच्या तळ्यात, गेले. पाणी उन्हाळ्यामुळे कमी होतं, पण काठावर कपडे धुणाऱ्या बायका बऱ्याच होत्या.

शेवटी असं ठरलं, की परत येताना प्रिस्काने फाटकापाशी उभं राहून सायकल धरायची. सर कोपऱ्यावरून ओरडत, "प्रिस्का, आलो!"

"थांबा, कुकर होऊ द्या!"

थांबणं हीच तर एक गोष्ट शक्य नव्हती. सर तसेच पुढे जात आणि चर्चला वळसा घालून परत येत. डाळ शिजायला वेळ लागला तर दोन वळसे, मटण असलं तर पाच. एका रविवारी मिस्सा झाल्यावर फादरनी त्यांना बाजूला घेऊन खांद्यावर हात ठेवला. "सर, कसला नवस बोललात? काही मोठी चिंता आहे का?"

इकडे रॅलीची परवानगी काढायची होती. वाहतूक चौकीत टेबलामागे हरेश्वर होता, अठ्ठ्याण्णवच्या बॅचचा. तो ताडकन उठला. "सर! तुमच्यामुळे आज मी इथे..." सरांनी खुर्चीचा आधार घेतला.

"सायकलला परवानगी लागत नाही सर," चहा आल्यावर हरेश्वर म्हणाला.

"मग झालं."

"पण ही सायकल नाही ना. साध्या सायकलवरचा माणूस सहा फुटांत बसतो. तुमचं डोकं आठ फुटांवर जातं. मिरवणुकीत आठ फुटांवर जे जातं त्याला आपल्याकडे चित्ररथ म्हणतात."

मग सरांनी चित्ररथाचा अर्ज भरला. डीजे लावणार नाही. जनरेटर सुरक्षित अंतरावर ठेवीन. चित्ररथावर पाचपेक्षा जास्त माणसं बसवणार नाही. अग्निशामक नळकांडं सोबत बाळगीन. वीज कार्यालयाकडून, रस्त्यावर लोंबणाऱ्या तारांमुळे चित्ररथास धोका नाही, असा दाखला. वीज कार्यालयातल्या माणसाने सांगितलं, तारा कुठे कुठे लोंबतात याची आमच्याकडे नोंद नाही, तुम्ही वरून जाताय तर बघून आम्हाला कळवा. शेवटचा रकाना होता 'चित्ररथाचा विषय'.

"विषय काय लिहू?"

"सामाजिक संदेश टाका सर. लवकर होतं."

म्हणून रॅलीच्या दिवशी फेबियनसर पांढरा शर्ट, टाय आणि पाठीवर 'पाणी वाचवा' असा पुठ्ठा लावून पापडीच्या नाक्यावर उभे होते. त्यांच्या मागे प्लासिड स्कूटरवर, पायाशी लाल नळकांडं घेऊन. त्यांच्याही मागे बँड, लेझीम, सातशे मुलं आणि माजी विद्यार्थी. सरांनी रस्ता तीनदा चालून बघितला होता. खड्डे किती, स्पीडब्रेकर कुठे, वायर कुठे खाली आल्यात, सगळं वहीत होतं. शाळेच्या मैदानावर क्लिफर्ड चार पोरगेले गडी घेऊन उभा राहणार होता. सर आत आले की मैदानाला एक फेरी मारणार आणि ते सायकल धरणार. हे व्हिव्हियनला दोनदा समजावलं होतं. तो मोबाइलवर बघत "हो सर, हो सर" म्हणाला होता.

सर धावले, पायरीवर पाय टाकला आणि चढले. पहिल्याच झटक्यात.

ती बारा मिनिटं त्यांच्या आयुष्यातली सगळ्यांत उंच मिनिटं होती. वरून पापडी वेगळी दिसत होती. कुंपणांच्या भिंती खाली राहिल्या होत्या आणि पलीकडच्या केळीच्या बागा, दोरीवरचे कपडे, गच्चीवर वाळत घातलेले बोंबील, लोकांच्या ओट्यांवरचे चहाचे कप, सगळं उघडं पडलं होतं. माणसं घरातून धावत बाहेर येत आणि मान वर करून त्यांच्याकडे बघत. मान वर करून! चौतीस वर्षांत वर्कशॉपच्या मास्तरकडे असं कोणी बघितलं नव्हतं. गणिताच्या मास्तरकडे बघत. साठच्या साठ तारा उन्हात गात होत्या. तुंब्यातून जरासुद्धा आवाज येत नव्हता. सरांच्या मनात आलं, चालली. लेथ राहिला.

शाळेचं फाटक दिसलं. फाटकात कमान, कमानीखाली फोटोग्राफर, आणि त्याच्यापुढे रस्त्याच्या मधोमध, दोन्ही हात पसरून, हातात पुष्पगुच्छ घेऊन व्हिव्हियन.

"सर, थांबा! एक फोटो!"

"बाजूला हो!" सर ओरडले. बँड वाजत होता. व्हिव्हियनला वाटलं सर हाक मारतायत. तो आणखी दोन पावलं पुढे आला आणि हसला.

डावीकडे बायका आणि लहान मुलं होती. उजवीकडे गटार. समोर समितीचा अध्यक्ष, ज्याला त्यांनी एकदा दयेने पास केलं होतं. लोखंडाचं पन्नास इंची चाक त्याच्या पोटाच्या उंचीवर येत होतं. वर्कशॉपमध्ये मुलाचं बोट मशीनजवळ गेलं, की सरांचा हात डोक्याला न विचारता बटणावर जाई. चौतीस वर्षांत एकाही मुलाचं नख गेलं नव्हतं. तसाच त्यांचा हात आताही गेला. सरांनी ब्रेक दाबला.

पुढचं फळ्यावरच्या आकृतीप्रमाणे झालं.

व्हिव्हियनला ओरखडा आला नाही. पुष्पगुच्छही शाबूत होता. सरांचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं, खांदा निखळला, समोरचे दोन दात पडले. प्लासिडनी स्कूटरवरून उतरून, आपल्याला नेमून दिलेलं काम करायची हीच वेळ आहे असं समजून, नळकांड्याची पिन ओढली. रस्त्यावर पडलेले फेबियनसर पांढऱ्या भुकटीने झाकून गेले. कुठेही आग नव्हती.

व्हिव्हियनने त्यांना स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं, हे मात्र खरं. फोटोग्राफरही सोबत होता. दुसऱ्या दिवशी गावातल्या व्हॉट्सॲप बातम्यांमध्ये आलं : 'अध्यक्षांच्या प्रसंगावधानाने ज्येष्ठ नागरिकाचे प्राण वाचले.' सोबतचा व्हिडिओ मागून काढलेला होता. त्यात व्हिव्हियन दिसतच नव्हता. एक म्हातारा टाय लावून उंच सायकलवरून जातो, काही कारण नसताना हवेत कोलांटी घेतो आणि पाठीवर 'पाणी वाचवा' लिहिलेलं असतं. कोणीतरी त्याला गाणं लावलं. दवाखान्यातली पिंकी नावाची नर्स सरांना सलाइन लावता लावता म्हणाली, "अय्या, पाणीवाले काका तुम्हीच का?" आणि सेल्फी घेतला.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाने सल्ला दिला. प्लासिड तर रोज येत. "मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं सर. छोटं चाक पुढे."

तिसऱ्या दिवशी व्हिव्हियन नारळपाणी घेऊन आला. दात नसल्यामुळे सरांना 'स' नीट म्हणता येत नव्हता, म्हणून त्यांनी एवढंच विचारलं, "लेथ?"

"सर, शब्द म्हणजे शब्द. पण समितीत जरा चर्चा झाली. वहीत लिहिलंय 'चालली तर'. आता ती चालली, पण फाटकापर्यंत. शाळेच्या आवारात नाही आली. टेक्निकली..."

"तू मधे आलास," सर म्हणाले.

"मी फोटोसाठी आलो होतो सर. तुमच्याच." व्हिव्हियनचा चेहरा खरोखरच दुखावलेला होता. "पण तुम्ही काळजी नका करू. लेथ राहील. मी बघतो."

सर घरी आले. हात प्लास्टरमध्ये, भात प्रिस्काने कालवून द्यायचा. पाचव्या आठवड्यात एके दुपारी प्रिस्का शाळेवरून आली ती चप्पल न काढताच म्हणाली, "रिक्षा थांबवलीय. चला. वर्कशॉपमध्ये काहीतरी कापतायत."

वर्कशॉपच्या दाराचं कुलूप तोडलं होतं. आत गॅस कटरची निळी ज्योत बंद करून क्लिफर्डने चष्मा कपाळावर चढवला. लेथ मधोमध दोन तुकड्यांत पडला होता. क्लिफर्ड सरांच्या डोळ्यांकडे बघेना.

"दारातून अख्खा निघत नव्हता सर. काम दुसऱ्याला देणार होते. मी म्हटलं, दुसरा कोणी नको, कसाही तोडेल." "पुढचा भाग ठेवायचाय, मागचा भंगारात. अध्यक्ष म्हणाले, तुम्हाला शब्द दिलाय."

सर कापलेल्या जागेजवळ गेले. डावा हात त्यांनी कापलेल्या कडेवरून फिरवला. लोखंड अजून गरम होतं.

"कट सरळ आलाय बघा," क्लिफर्ड म्हणाला. "तुम्हीच शिकवलं होतं."

कट खरंच सरळ होता. इतक्या जाड ओतकामात इतका सरळ कट वसईत दुसऱ्या कोणाला आला नसता.

"कडेची वितळलेली मळी साफ कर," ते म्हणाले, आणि रिक्षात जाऊन बसले.

दोन महिन्यांनी शाळेतून निमंत्रण आलं. इनोव्हेशन लॅबचं समितीने रद्द केलं होतं, कारण रॅलीतल्या सायकलीची एवढी चर्चा झाली होती की व्हिव्हियनला त्याहून चांगली कल्पना सुचली : वर्कशॉपच्या जागी वारसा दालन. भिंती क्रीम रंगाच्या, खाली गालिचा. मध्यभागी काचेच्या चौथऱ्यावर सायकल. मुठीचा वाकलेला दांडा क्लिफर्डने सरळ करून दिला होता. बाजूला लेथचा पुढचा अर्धा भाग, सोनेरी रंग मारलेला, त्याच्या चकमध्ये, म्हणजे लोखंड पकडायच्या जबड्यात, प्लॅस्टिकची फुलं.

"लेथ राहिला की नाही सर?" व्हिव्हियन कानात म्हणाला.

सर सायकलीखालची पाटी वाचत होते. पितळी होती, अक्षरं सुरेख कोरलेली. 'उंच चाकाची दुर्मिळ सायकल. इंग्लंड, अंदाजे १८८५. शाळेच्या संग्रहातून.'

"हे चुकलंय. ही मी बनवली."

"माहितीये ना सर, आम्हाला सगळ्यांना माहितीये," व्हिव्हियन समजुतीच्या सुरात म्हणाला. "पण आत्ताच बनली म्हटलं तर कोण बघायला येणार? जुनं म्हटलं की लोक थांबतात. शाळेचंच नाव होतंय."

उद्घाटनाला मुंबईहून दिनानाथराव नावाचे गृहस्थ आले होते. जुन्या वस्तू जमवणारे, त्यावर व्याख्यानं देणारे, खादीचा कुर्ता, गळ्यात भिंग. त्यांनी सायकलीभोवती दोन फेऱ्या मारल्या, तुंब्याला भिंग लावलं आणि माइक हातात घेतला.

"हा तुंबा बघा. हे आटे बघा. त्या लोकांच्या हातात काय होतं! मी खात्रीने सांगतो, असं काम आज आपल्याकडे कोणाच्या हातून होणार नाही."

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतून सर उभे राहिले. मनगट वाकडं जुळलं होतं, त्यामुळे वर केलेला हात हरकत घेतोय की नमस्कार करतोय, ते कळत नव्हतं.

"ही मी बनवली आहे," ते मोठ्याने म्हणाले. नवे दात अजून बसले नव्हते. वाक्याबरोबर शीळ निघाली.

मागे कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले, प्रेमाने. फेलिशिया टीचर खाली मान घालून उगाच पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. दिनानाथराव मंचावरून उतरून आले आणि त्यांनी सरांचा हात दोन्ही हातांत धरला.

"इतकी माया लावलीत म्हणजे तुम्हीच बनवल्यासारखं आहे हो," ते म्हणाले. फोटोग्राफर तयारच होता. व्हिव्हियन मधे येऊन उभा राहिला आणि सरांच्या खांद्यावर शाल आली.

दोघं रिक्षाने परत निघाले. तलाव मागे पडला, चर्च मागे पडलं. शाल प्रिस्काच्या मांडीवर घडी करून ठेवलेली होती.

"कामाला नाव ठेवलं नाही ना कोणी," ती म्हणाली. "इंग्रजांचं वाटलं म्हणजे चांगलंच झालं असणार."

सर बाहेर बघत होते.

"मागचं चाक फिरताना दोन मिलिमीटर बाहेर फेकतंय," ते म्हणाले. "एवढं भिंग लावून बघितलं त्या माणसाने. त्याला दिसायला हवं होतं."

"मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं."

सर गर्रकन वळले. "मग बोलली का नाहीस?"

"कशी बोलणार?" प्रिस्का म्हणाली. "तुम्ही तेव्हा वर होतात."